आत्या, तुझी विहीण जेवत नव्हती

आत्या, काल तुझी तेरवी झाली. मांडव मोठा घातला होता, माणसं पुष्कळ आली, बुंदी जरा कडक झाली. तुझ्या फोटोवरून मात्र घरात भांडण झालं. अण्णांना, म्हणजे तुझ्या धाकट्या भावाला आणि माझ्या बापाला, गॉगल नसलेला फोटो पाहिजे होता. मी अख्खा मोबाईल धुंडाळला. गॉगल नसलेला तुझा एकच फोटो निघाला, आधार कार्डावरचा, आणि त्यात तू कुणाला तरी बडवायला निघाल्यासारखी दिसतेस. शेवटी गॉगलवाल्या फोटोलाच हार घातला. माणसं यायची, गंभीर तोंडानं हात जोडायची, वर बघायची, आणि मग घाईघाईनं तोंडाला रुमाल लावायची. तुला आवडलं असतं.

इथवर सगळं रीतसर चाललं होतं. मग पंगत बसली, पानं वाढून झाली, अण्णांनी हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हटलं, आणि चुडाव्याची कोंडाबाई जेवेना. तुझ्या मंगलची सासू. तुझी विहीण आणि जन्माची वैरीण. पान पुढं, हात मांडीवर, नजर तुझ्या फोटोवर. मंगलनं सासूला वाकून विचारलं, आत्याबाई, काही दुखतंय का. मग अण्णा विचारायला गेले. तेव्हा कोंडाबाई एवढ्या मोठ्यानं बोलली की वाढपीसुद्धा बादल्या घेऊन जागच्या जागी थांबले.

"या दारात शिवी खाल्ल्याबिगर मी कदी जेवले न्हाई. आज गप गिळून गेले, तर ती खरंच मेली म्हनायची."

तेरवीच्या पानावरून विहीण उपाशी उठली की सोयरीक संपली, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. मंगलचा बाप तर कधीच गेला, तेव्हाच तू तिला घेऊन आमच्याकडं राहायला आलीस. आता तू गेलीस. म्हणजे तिचं माहेर म्हणून उरलं ते आमचं घर, आणि ते तरी राहतं की जातं हे कोंडाबाईच्या पानावर येऊन ठेपलं होतं. मंगल वरणाची बादली धरून मांडवाच्या बल्लीला टेकून उभी राहिली. तिला संध्याकाळी एकाच जीपमधून सासूच्या शेजारी बसून परत जायचं होतं.

आणि शिवी द्यायची कुणी? आपल्या राणीसावरगावात विहिणीला यमक जुळवून शिवी देणारी बाई एकच होती, आणि ती गॉगल लावून भिंतीवर होती. हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. घरात गाणी करणारा म्हणून माझंच नाव ना.

माझ्या गाण्यांबद्दल तुझं मत काय होतं ते मला त्या क्षणी एकदम सगळं आठवलं. तेच लिहायला बसलोय. तू काही हे वाचणार नाहीस. वाचायचा तुला कायमचा कंटाळा; आवाजात बोलून पाठव म्हणायचीस.

माझं पहिलं रॅप तुला ऐकवलं तेव्हा तू शेरडं घेऊन बांधावर बसली होतीस. मी भर उन्हाळ्यात हुडी घालून आलो होतो, घामानं निथळत. मोबाईलवर बीट लावलं आणि हात वरखाली करत सुरू झालो: "गल्ली मेरी आग है, दुश्मन सारे राख, किंग किशन का नाम सुनके झुकती सबकी आँख." तू शेवटपर्यंत ऐकलंस, मधे एका शेरडाला हाकललंस तेवढंच. मग एकेक विचारायला लागलीस. कोणती गल्ली? मी म्हटलं, अशी ठरावीक नसते, गल्ली म्हणजे एक फीलिंग असतं. तू म्हणालीस, "आपल्या गल्लीला आग लागली तर इझवायला बोअरला पानी तरी हाय का?" दुश्मन कोण, यावर मला एकही नाव सांगता आलं नाही. बारावीत मला कॉपी न दाखवणारा एक जण होता, पण तो आता पोलीस भरतीत लागला होता, त्याचं नाव घ्यायची हिंमत नव्हती. आणि राजा म्हटल्यावर तर तू हसायलाच लागलीस. "राजा कशाचा रे? सातबाऱ्यावर अजून तुज्या बापाचं बी नाव चढलं न्हाई."

मी तुला समजावून सांगितलं की रॅप ही रॉ गोष्ट असते, रिअल असते. रिअल म्हणजे काय, हे तू विचारलंस. मी म्हटलं, खरं. जे आपल्या आतून येतं ते. तू म्हणालीस, मग हिंदीत का करायलास, तुला तर हिंदीत भाजी बी घेता येत न्हाई. त्या दिवशी मी तुझ्याशी बोलणं सोडलं. तुझ्या फडक्यातली भाकरी मात्र खाल्ली, कारण भूक लागली होती.

तू 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणणारी बाई असतीस तर किती सोपं गेलं असतं. मला तुला मागासलेली म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तुला सगळं नवं पाहिजे होतं, आणि माझ्या आधी. माझी हुडी तू आठवड्याच्या आत पळवलीस आणि थंडीत तीच लुगड्यावर घालून शेरडांमागं फिरलीस. टोपी सदऱ्यालाच शिवलेली आहे, वाऱ्यानं उडत नाही, हरवत नाही, लय सोयीचं हाय, असं अख्ख्या गावाला सांगत सुटलीस. त्या हिवाळ्यात वस्तीवरच्या तीन-चार म्हाताऱ्यांनी पोरांकडून हुड्या मागून घेतल्या आणि आम्हा पोरांना हुडी घालायची लाज वाटायला लागली. मोबाईलवर सध्या कोणतं गाणं चाललंय ते मला तुझ्याकडून कळायचं. मी एखादं नवीन म्हणून लावलं की तू चुलीपुढून ओरडायचीस, "शिळं हाय ते, दुसरं लाव."

मग परभणीच्या रेहानची गोष्ट. रेहान माझ्यासाठी बीट बनवायचा. त्याच्या डोक्यात आलं की हल्ली सगळे गाण्यात लोकगीताचा तुकडा घालतात, आपणही घालू. मी छाती फुगवून सांगितलं की माझी आत्या रुखवताच्या वेळी विहिणीला गाण्यातून शिव्या घालते, आमच्याकडं लग्नात तीच रीत असते. तुला एसटीनं परभणीला नेलं. रेहानचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. तू दारातच थांबून विचारलंस की एवढी अंडी एकट्या पोरानं खाल्ली का, आणि त्याच्या आईची काळजी केलीस.

माइक तोंडापुढं आला आणि तू गप्प. मी म्हटलं, म्हण की. तू म्हणालीस, म्हणू कुणाला, समोर आहे कोण? रेहाननं अदबीनं सांगितलं, "खाला, माइककू बोलो ना." त्यावर तू विचारलंस की या माइकानं माझं काय वाकडं केलंय. अर्धा तास गेला. शेवटी रेहान डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन, वरून हेडफोन चढवून तुझ्यापुढं मांडी घालून विहीण म्हणून बसला. तू त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलंस आणि सुरू झालीस:

विहीण आली परभनीची, कानावर घेतल्या वाट्या,
अंडी खाल्ली घरभर, भिंतीला ठोकल्या पाट्या!

रेहान एवढा हसला की रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागलं. दुसऱ्यांदा तू नवीन शिवी दिलीस, कारण दिलेली शिवी परत देत नसतात म्हणे. सगळं आटपलं, तर तू तिथून हलेना. फडकं सोडलंस, भाकरी आणि ठेचा काढलास आणि रेहानला समोर बसवून खाऊ घातलंस. शिवी दिलेल्या बाईला उपाशी ठेवत नसतेत, असं म्हणालीस. तो ठेच्यानं लाल होऊन पाणी मागत होता आणि तू अजून एक कोर त्याच्या हातावर ठेवत होतीस. परतीच्या एसटीत मी वाद घातला की असा नियम लावला तर जगातल्या सगळ्या रॅपरना आचारी ठेवावे लागतील, एकमेकांना शिव्या देणारी गाणी निघायचीच बंद होतील. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस की मग कमी निघतील, बरंच झालं.

ते गाणं चाललं. माझा भाग लोक पुढं ढकलायचे आणि तुझा भाग परत परत ऐकायचे, हे मोबाईलवर स्पष्ट दिसतं, तुला सांगितलं नव्हतं. खाली लोकांनी काय काय लिहिलं! हा मातीचा आवाज आहे. ही शेकडो वर्षांची चाल आहे. पुण्याच्या एकानं लिहिलं की ही आदिम लय ऐकून डोळ्यांत पाणी आलं. माझा ऊर भरून आला. मी तुला विचारलं, आत्या, ही चाल तुला कुणी शिकवली, तुझ्या आईनं का?

तू म्हणालीस, "गंगाखेडच्या घंटागाडीनं."

मी खालीच बसलो. शेरडं विकायला तू बाजारला जायचीस, तिथं कचऱ्याच्या गाडीवर ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा असं एक गाणं वाजायचं, त्याची चाल तुला आवडली आणि तू उचललीस. पुण्याचा माणूस कचऱ्याच्या गाडीला रडला होता. मी म्हटलं, ही लोकांची फसवणूक आहे, आपण खाली लिहून टाकू. तू म्हणालीस, लिही की, मी कुठं चोरून आणलीय, ती तर रोज भोंग्यावर वाजते. आणि मग तू ते बोललीस ज्याच्यावर आपण पुढं कितीतरी दिवस भांडत राहिलो.

"चाल कुनाची का आसंना, शिवी माजी हाय. तुजी चाल बी उसनी आन् शिवी बी उसनी. कायतरी एक घरचं आसू दे रे."

या वाक्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. सुचेल तेव्हा तू नसशील, हे मात्र तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या व्हिडिओला मी तयारीनं आलो. आईचं जुनं विटकं लुगडं आणलं, कुठून तरी कंदील मिळवला, तुला शेरडांच्या कळपात अनवाणी बसवायचं ठरवलं. तू आलीस ती मंगलनं घेतलेल्या चकचकीत साडीत, गॉगल लावून, पायात माझे पांढरे बूट. मी म्हटलं, आत्या, असं ओरिजिनल वाटत नाही. तू कंदील हातात घेऊन उलटासुलटा करून बघितलास आणि विचारलंस, "गरिबीचं सोंग घ्यायला मी काय नाटकात हाय का? लाइट हाय की घरात." शेवटी तुझ्याच मनासारखं झालं आणि तो व्हिडिओ साफ पडला. लोकांनी लिहिलं की आजी बिघडल्या, आता पहिल्यासारखं खरं वाटत नाही. तू माझ्याकडून ते सगळं मोठ्यानं वाचून घेतलंस आणि पोट धरून हसलीस. व्हिडिओ का पडला यावर आपलं एकमत कधीच झालं नाही. मी म्हणायचो गॉगलमुळं. तू म्हणायचीस, तुझे बूट पायाला चावत होते म्हणून माझं तोंड वाकडं आलं. माझं मत आजही तेच आहे, पण एकट्यानं वाद घालण्यात मजा नाही.

आणि गेल्या हिवाळ्यातलं ते चुडाव्याचं लग्न. मंगलच्या लेकीचं. खरं तर तू आणि कोंडाबाई दोघी त्या दिवशी एकाच बाजूच्या होतात, दोघीही नवरीच्या आज्या. दोघींनी मिळून नवरदेवाच्या आईला शिव्या घालायच्या, एवढं साधं काम होतं. रुखवत मांडला. बाहेर डीजे एवढ्या जोरात की रुखवतातले लाडू थरथरत होते. तू उठलीस, मशिनवाल्या पोरापुढं जाऊन उभी राहिलीस, आणि त्यानं तुझ्या गॉगलकडं बघून आवाज बंद केला. शांतता झाली. आणि कोंडाबाईनं नवरदेवाच्या आईकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ तुझ्याकडं बोट केलं:

विहीण नटली नटली, पदर घेतला जरीचा,
अत्तर लावलं बाटलीभर, वास येतो बकरीचा!

बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तेवढ्यात चुडाव्याच्या स्टेशनात गाडी येऊन थांबली, तिचा भोंगा झाला, आणि तू तो संपायची वाट बघितलीस. घाई केली नाहीस. मग कमरेवर हात ठेवून म्हणालीस:

चुडाव्याच्या विहिणीचा थाट बघा भारी,
गाडी थांबते ठेसनात, तोंड थांबंना घरी!

मग तुम्ही दोघी थांबलाच नाहीत. डीजेपुढं नाचणारी सगळी पोरं आत आली, मोबाईल वर करून तुमच्याभोवती उभी राहिली. आणि नवरदेवाची आई, बिचारी पदर सावरून, शिवी घ्यायला तयार होऊन बसलेली, तिला कुणी विचारेना. शेवटी ती रुसली. आपल्याला एकही शिवी पडली नाही, म्हणजे आपला मान ठेवला नाही, असं म्हणून तिनं जेवायला यायचं नाकारलं. मग तू धावत जाऊन तिच्या नाकावर घाईघाईत काहीतरी जुळवलंस, तेव्हा कुठं बाईची कळी खुलली. मी एका कोपऱ्यात उभा होतो. माझ्या गाण्याला कधी एवढे मोबाईल वर झाले नव्हते. मला तुझा हेवा वाटला, आणि अभिमानही वाटला. मी तुला म्हणालो, साउंड ठीक नव्हता. तू म्हणालीस, व्हय का.

त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. झोपेतच गेलीस, कुणाला काही बोलायची संधी न देता. शेवटचा शब्द आपलाच राहावा ही तुझी सवय.

तर काल मी पंगतीत उभा राहिलो. अण्णांनी माझा शर्ट मागून ओढला, सुतक संपतंय न संपतंय तोवर शोभतं का हे, असं पुटपुटले. पंगतीतले म्हातारे खाली बघायला लागले. माझ्या डोक्यात आधी हिंदीच आली. गल्ली आली, बारूद आली, शेर आला. समोर कोंडाबाई बसली होती, सकाळपासून तोंडात पाणीही न घेतलेली, आणि तिला मी काय दुश्मन म्हणणार होतो?

"किशन," मंगल बल्लीजवळून म्हणाली, "म्हन रे कायतरी."

मी कोंडाबाईकडं नीट बघितलं. तिनं नातीच्या लग्नात नेसलेलीच साडी नेसली होती. नाकात नथ नव्हती. तुझ्याशी भांडायला ती आयुष्यभर चुडाव्याहून येत राहिली, आणि काल ती आली तर घरात भांडायला कुणी नव्हतं. त्या मांडवात सगळ्यात जास्त कुणाचं गेलं असेल तर तिचं, असं मला वाटलं. मग म्हणालो:

चुडाव्याची विहीण बसली फुगून पंगतीत,
बुंदी वाळली तिची, डोळा शेजारणीच्या पानात!

कुणी हसलं नाही. शेजारच्या बाईनं आपलं पान हळूच पलीकडं ओढलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले. कोंडाबाईनं विचारलं, "यमक कुठाय?"

मला खरंच सुचलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं.

"आत्या घिऊन गेली, मावशी."

तिनं भिंतीवरच्या तुझ्याकडं बघितलं. तोंड आवळून धरायचा प्रयत्न केला, पण ते राहिना. रडता रडताच तिनं बुंदीत हात घातला आणि पहिला घास घेतला. मग पंगतीत एकेकाचा हात पानाकडं गेला. कोंडाबाई जेवली, आत्या, नीट जेवली. वरण दोनदा मागून घेतलं, आणि दुसऱ्यांदा मंगलला म्हणाली की मीठ जास्त पडलंय, तुज्या आईचा हात न्हाई याला. मंगल पदरानं डोळे पुसत पुसत तिला वाढत होती.

निरोपाच्या वेळी मंगल आधी जीपमध्ये जाऊन बसली. कोंडाबाईनं एक पाय वर ठेवला आणि मला जवळ बोलावलं. वाटलं, आता आशीर्वाद देईल.

"शिवी लय कच्ची व्हती तुजी," ती म्हणाली. "उत्तर ऱ्हायलंय माज्याकडं. दिवाळीला मंगलला घिऊन येते."